डागडुजी, दुरुस्ती आणि फेरफार : थळच्या होड्यांतील सांधणीचा इतिहास

डागडुजी आणि दुरुस्ती हे शब्द आपण बहुधा एकाच अर्थाने वापरतो. दोन्ही शब्दांत फारसीचा अंश आहे. मात्र त्यांचे मूळ आशय भिन्न आहेत. 'दुरुस्त' म्हणजे नीट, यथायोग्य. 'डागडुजी'च्या उत्तरपदात 'जरदोजी'मध्ये आढळणारी 'दोज़ी', म्हणजे शिवण, मानण्यास जागा आहे. तेव्हा दुरुस्तीने वस्तू पूर्ववत होते, डागडुजीने ती केवळ टाक्यावर चालू राहते. अलिबाग तालुक्यातील थळ येथे होड्यांच्या अवयवांची नावे गोळा करीत असताना हा भेद कोशातून नव्हे, तर एका इंजिनापाशी माझ्या ध्यानात आला. त्या इंजिनावर दोन नळ्यांतील द्रव्ये एकत्र कालवून लावण्याच्या चिकट राळेचा, म्हणजे इपॉक्सीचा, करडा लेप होता. त्या लेपाची पूर्वपीठिका येथे थोडक्यात मांडावयाची आहे.

थळच्या समोर समुद्रात खांदेरी आणि उंदेरी ही दोन बेटे आहेत. १६७९ साली मायनाक भंडारी यांच्या देखरेखीखाली खांदेरीवर तटबंदी उभी राहू लागली, तेव्हा इंग्रजांची गलबते वाट अडवून असतानाही माणसे आणि सामान या किनाऱ्यावरून लहान होड्यांतून बेटावर पोहोचत होते. त्याच वर्षी ऑक्टोबरात मराठी आरमाराने इंग्रजांचे 'डव्ह' हे जहाज पकडले. २०२५ साली खांदेरीचा समावेश जागतिक वारशाच्या यादीत झाल्यापासून हा प्रसंग पुष्कळांना ठाऊक झाला आहे. इतिहासकार तोफा मोजतात, तह मोजतात. त्या होड्यांच्या फळ्यांमधून पाणी कोणत्या पदार्थाने अडविले होते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

तो पदार्थ म्हणजे राळ. दोन फळ्यांच्या सांध्यात कापूस अथवा सुताची वळी ठासावयाची आणि तिच्यावर तेलात शिजविलेली राळ भरावयाची, ही रीत पश्चिम किनाऱ्यावर सर्वत्र होती. या कामाची परिभाषा अनेक बंदरे फिरून आलेली आहे. आज आपण रस्त्यावरच्या काळ्या द्रव्याला 'डांबर' म्हणतो, पण त्याचा संबंध मलय भाषेतील 'दामार', म्हणजे झाडाची राळ, या शब्दाशी जोडला जातो. यूल आणि बर्नेल यांच्या १८८६ च्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशात फटी भरणाऱ्या कारागिराचे 'कालापत्ती' हे नाव पोर्तुगीजांच्या द्वारे आलेले आणि मुळात अरबी असल्याचे नोंदविले आहे. झाडाचा चीक मलयांकडून आणि कारागिराचे नाव अरबांकडून आले, मात्र हात येथलाच.

या जुन्या सांध्याचा एक गुण पुढील विवेचनाला महत्त्वाचा आहे. राळ तापविली की पुन्हा पातळ होते. म्हणून सांधा उकरता येतो, जुनी वळी काढून नवी भरता येते. पावसाळ्यात होडी किनाऱ्यावर ओढली, की हेच करीत. उघडता येणे हा त्या सांध्याचा दोष नव्हता. त्याची रचनाच तशी होती.

स्वातंत्र्यानंतरच्या दोन-तीन दशकांत कोकणच्या होड्यांत यंत्र आले आणि शीड मागे पडत गेले. सागरी इंजिन महाग, म्हणून रस्त्यावरच्या वाहनासाठी घडविलेले डिझेल इंजिन होडीत बसविण्याची चाल पुष्कळ ठिकाणी पडली. येथे दुरुस्ती आणि डागडुजी यांच्या जोडीला तिसरा शब्द लागतो : फेरफार. मोटारीचे इंजिन वाऱ्यावर थंड होणाऱ्या रेडिएटरच्या भरवशावर चालते. होडीच्या पोटात तो वारा कोठून यावा? तेव्हा रेडिएटर काढावयाचा, समुद्राचे पाणी खेचणारा दुसरा पंप जोडावयाचा, इंजिनातून फिरणारे गोडे पाणी त्या खाऱ्या पाण्याने थंड करावयाचे, काही छिद्रे बुजवावयाची आणि काही नवी पाडावयाची. असा प्रत्येक बदल म्हणजे एक नवा सांधा, आणि धातूंच्या या सांध्यांना जुनी राळ कुचकामाची.

धातू जोडण्याच्या रूढ रीती होत्या. पण डाक लावावा तर तो ओतीव लोखंडाला नीट धरत नाही, आणि वेल्डिंग करावे तर आधी तो भाग सावकाश तापवून मागाहून सावकाशच निववावा लागतो. नाहीतर तडा शेजारी नव्याने जातो. तिसरी रीत तड्याच्या दोन्ही बाजूंना आडव्या खाचा घेऊन त्यांत धातूचे टाके ठोकण्याची. ही इंजिन न तापविता करता येते. (डागडुजीतील 'दोज़ी' येथे अक्षरशः सार्थ होते, भाषाभ्यासकाला असे योग विरळाच लाभतात.) परंतु त्याला कुशल कारागीर हवा, आणि तो हाताशी असेलच असे नाही. इपॉक्सी मात्र दुकानात मिळते.

इपॉक्सी राळेच्या शोधात स्वित्झर्लंडचे पिएर कास्तां आणि अमेरिकेचे सिल्व्हन ग्रीनली यांची नावे प्रामुख्याने घेतली जातात. सीबा या स्विस कंपनीने १९४६ साली हे द्रव्य 'अ‍ॅराल्डाइट' नावाने मांडले. ते नाव एरो रिसर्च लिमिटेड या विमानांसाठी चिकटद्रव्ये बनविणाऱ्या इंग्रजी संस्थेच्या आद्याक्षरांवरून घडल्याचे सांगतात. 'एम-सील' २००० साली पिडिलाइटकडे आले आणि 'अ‍ॅराल्डाइट'चा भारतातील किरकोळ व्यवसाय २०२० साली. सांगावयाचे ते असे, की या द्रव्याला मराठीत नाव मिळाले नाही. फट बुजविण्याच्या लगद्यासाठी 'लुकण' हा नेमका शब्द आपल्याकडे होता. तो कोशातच राहिला. आज 'एम-सील लाव' असे म्हटले जाते, मग पुडी कोणत्याही कंपनीची असो. शब्द गेला याचे मला फारसे दुःख नाही. चिंता आहे ती अशी, की डबीवरील नाव त्या द्रव्याच्या स्वभावाविषयी काहीच सांगत नाही. 'राळ' म्हणताच ती तापाने वितळते हे ऐकणाऱ्यास कळत असे.

इपॉक्सीचा स्वभाव उलट आहे. राळ आणि हार्डनर मिसळताच त्यांचे रेणू परस्परांत गुंफले जातात आणि जे घट्ट होते ते पुन्हा वितळत नाही. यामुळे अनेकांची समजूत होते, की त्याला तापाची बाधा नाही. वस्तुतः सामान्य तपमानाला सुकणारी बहुतेक घरगुती इपॉक्सी ५० ते ७० अंश सेल्सियसच्या सुमारास मऊ पडू लागते. धातूची पूड घातलेल्या खास प्रकारांची मर्यादा याहून बरीच वर असते. इंजिनातील गोडे पाणी ८० ते ९० अंशांवर फिरते आणि धूर सोडणारा मॅनिफोल्ड काही शे अंशांवर तापतो. शिवाय सारख्याच तापाने इपॉक्सी लोखंडाच्या काही पट प्रसरण पावते. रोज तापणाऱ्या-निवणाऱ्या भागात लेप कडेने सुटतो तो यामुळे. भागावर तेलाचा पुसट थर राहिला असेल, तर तो त्याआधीच सुटतो.

म्हणून इंजिनाच्या गार अंगाला इपॉक्सी उपयोगी ठरते आणि तप्त अंगाला दगा देते. शर्यतीच्या मोटारी जुळविणारे परदेशी कारागीर हवा आत घेणाऱ्या वाटेच्या तळाशी इपॉक्सी भरून त्या वाटेचा आकार बदलतात. हा फेरफार टिकतो, कारण तेथून थंड हवा जाते. गंमत अशी, की त्यांच्या आवडीचे एक द्रव्य, 'स्प्लॅश झोन', मुळात ओल्या पृष्ठभागावर व पाण्याखाली लावता यावे म्हणून धक्के आणि जहाजे यांच्यासाठी बनविलेले आहे. धुराच्या वाटेत मात्र ते कारागीर ते घालीत नाहीत.

थळच्या ज्या तांडेलाकडे मी शब्द विचारीत होतो, त्याने हा भेद स्वतःच्या जिवावर शिकला होता. त्याच्या इंजिनातील खाऱ्या पाण्याच्या पंपाच्या झाकणाला तडा गेला. त्याने तो भाग घासून, डिझेलने नव्हे तर थिनरने पुसून, त्यावर लेप दिला, आणि तो दोन हंगाम टिकला. खारे पाणी पंपात येते तेव्हा ते समुद्राइतकेच गार असते, हे त्याचे खरे कारण. पण त्या यशाने धीर चेपला. पुढे थर्मोस्टॅटच्या झाकणाच्या बैठकीशी, म्हणजे जेथून इंजिनातील सर्वांत तापलेले पाणी बाहेर पडते तेथे, गळती लागताच त्याने तोच लेप तेथेही दिला. किनाऱ्यावर इंजिन चालवून पाहिले, गळती नव्हती. होडी खांदेरीच्या पलीकडे गेली आणि तासाभरात लेप पापुद्र्यासारखा उचलला. पाणी गेले, इंजिन तापून अडकले, आणि भरतीच्या ओढीने होडी बेटाच्या खडकांकडे सरकू लागली. नांगराने दोनदा पकड सोडली, तिसऱ्यांदा धरली. दुसऱ्या होडीने दोर टाकीपर्यंत चार माणसे वल्ह्यांनी होडी खडकांपासून दूर रेटीत होती. वल्ही होडीत होती ती केवळ म्हाताऱ्या बापाचा हट्ट म्हणून.

"सर, लेप खोटा नव्हता," तो मला म्हणाला, "जागा खोटी होती."

आता तो इपॉक्सी टाकून देत नाही. जेथे जेथे ती लावतो, तेथे शेजारी पांढऱ्या रंगाचा ठिपका देतो. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात होडी वर काढली, की प्रथम ते ठिपके मोजावयाचे. खाऱ्या पाण्याच्या बाजूचे पाहून, ठोकून, राहू द्यावयाचे. गोड्या पाण्याच्या बाजूचा एकही राहू द्यावयाचा नाही, तो भाग नवा आणावयाचा. मी इंजिन पाहिले तेव्हा ठिपके पाच होते. त्यांपैकी दोन, त्याच्या शब्दांत, नारळी पौर्णिमेपूर्वी जावयाचे होते.