पॅरापा आणि त्याचे उत्तरभाग

उत्तरभाग लिहिणाऱ्या ग्रंथकारावर बहुधा दोनांपैकीं एक आरोप ठरलेलाच असतो. पहिल्यासारखाच लिहिला तर 'तेंच तें' म्हणून लोक तो बाजूस सारतात; निराळा लिहिला तर 'हें कुठलें काढलें?' म्हणून रुसतात. मिल्टननें १६७१ सालीं 'पॅरडाइज रिगेन्ड' प्रसिद्ध केलें, तेव्हां 'पॅरडाइज लॉस्ट'पुढें तें पुष्कळ उणें पडतें असा बोभाटा झाला, आणि तो ऐकून घेण्याइतका धीर कवीस राहत नसे, असें त्याचा भाचा एडवर्ड फिलिप्स यानें लिहून ठेविलें आहे. महाकवीची ही गत, मग मुलांच्या करमणुकीसाठीं काढलेल्या एका विक्षिप्त जपानी व्हिडिओ-गेमची कथा काय? परंतु तिचा इतिहास मला अधिक बोधप्रद वाटतो. कारण येथें निवाडा करणारे नुसते वाचक नव्हते, त्यांना स्वतः ताल धरावा लागत होता.

मासाया मात्सुउरा हा मूळचा वादक-संगीतकार. त्याच्या मंडळीचें नांव 'नानाओन-शा', म्हणजे आपल्या भाषेंत सांगावयाचें तर 'सप्तस्वर मंडळी'. डिसेंबर १९९६ मध्यें या मंडळीनें प्लेस्टेशन यंत्रासाठीं 'पॅरापा द रॅपर' हा खेळ काढला. त्यांतील चित्रें रॉडनी ग्रीनब्लॅट या अमेरिकन चित्रकाराचीं. नायक एक कुत्रा, तोही कागदासारखा सपाट. त्याचें मन सनी नांवाच्या एका फुलावर जडलेलें. गुरु पाहावे तर कांद्याच्या डोक्याचा कराटे-शिक्षक, मोटार शिकविणारी मूस-हरिणी, बाजारांतला बेडूक आणि स्वयंपाक शिकविणारी कोंबडी! गुरूनें एक ओळ म्हणावी, तिचीं चिन्हें पडद्यावर सरकावीं, आणि खेळणाऱ्यानें बटणें दाबून तीच ओळ तालांत परत म्हणावी. तबल्याचे बोल तोंडानें म्हणवून घेणारा आपला उस्ताद याहून निराळें काय करतो?

मात्र या खेळाची खरी खुबी पुढेंच आहे. गुरूची ओळ जशीच्या तशी म्हटली तर 'चांगला' एवढाच शेरा मिळे. त्याहून वर जावयाचें तर मधल्या रिकाम्या मात्रांत स्वतःची भर घालावी लागे. आणि ती साधली म्हणजे गुरु रंगमंचावरून निघून जाई व शिष्य एकटाच गात राही. आमच्या विष्णुपुरीस गोदावरीकांठीं भजन ऐकणारास यांत नवल वाटणार नाहीं. जो टाळकरी ठेका बरोबर धरतो त्याला पंक्तींत जागा मिळते. पण मध्येंच एखादा जादा ठोका घालून समेवर अचूक येतो, त्याच्याकडे बुवा मान वळवून पाहतात. हा हिशेब खेळांत कोठेंही समजावून सांगितलेला नव्हता. कित्येक खेळणारे त्यामुळें चडफडले, आणि कित्येक त्याच कारणानें त्यावर लुब्ध झाले.

मार्च १९९९ मध्यें दुसरा खेळ आला, 'अम जॅमर लॅमी'. लोकांना पॅरापा हवा होता. मात्सुउरानें पुढें केली एक बुजरी मेंढी. लॅमी ही गिटार वाजविणारी. हातांत गिटार असली कीं धीट, नसली कीं पायांत पाय अडकणारी. जलशास पंधराच मिनिटें उरलीं असतां ती वाटेंत आग विझविते, रडणारीं मुलें निजविते, विमान चालविते. तिला धीर येतो तो हातांतली कुठलीही वस्तु गिटार मानून! जपानी आवृत्तींत तर केळ्याच्या सालीवरून घसरून ती थेट नरकांत जाते व तेथेंही वाजविते. अमेरिकेस हा प्रकार मानवेल असें न वाटल्यामुळें तिकडच्या आवृत्तींत नरक काढून एक बेट घातलें गेलें.

टीकाकारांनीं संगीताची तारीफ केली, पण खप पहिल्याइतका झाला नाहीं आणि 'फार अवघड' ही तक्रार सार्वत्रिक झाली. तिचें कारण केवळ चिन्हांची गर्दी हें नसावें. पॅरापाच्या खेळांत प्रत्येक बटणामागें एक शब्द असे. शब्द ध्यानांत राहिला कीं ताल आपोआप येई. लॅमीच्या बटणामागें नुसता स्वर आहे. पद म्हणतां येणाऱ्या माणसास एकदम सतारीची गत वाजवावयास बसविलें तर त्याचीं बोटें कशीं अडखळतील, तसें झालें. तथापि जे तिला चिकटून राहिले, त्यांचा लहानसा पण निष्ठावंत संप्रदाय बनला, आणि पुष्कळजण आज तिलाच पहिल्याहून सरस मानतात. माझेंही मत तिकडेच झुकतें. शिवाय पुढें २००५ सालीं 'गिटार हीरो'नें जो धुमाकूळ घातला, त्याच्या सहा वर्षें आधीं ही मेंढी गिटार घेऊन उभी होती.

तक्रारीचा परिणाम व्हावयाचा तो झालाच. ऑगस्ट २००१ मध्यें 'पॅरापा द रॅपर २' निघाला. नायक परत आला, कांदागुरु परत आला; कथा मात्र नूडल्सची. पॅरापास शंभर वर्षें पुरतील एवढे नूडल्स बक्षीस मिळतात आणि तो त्यांना विटतो! दुर्दैवानें खेळणारेही लवकरच विटले. गाणीं पूर्वीसारखीं तोंडांत बसत नाहींत, खेळ सोपा व तोकडा, असे शेरे पडले. अवघड म्हणून कुरकुरणाऱ्यांनीं सोपें मिळतांच नाक मुरडावें, यांत मला तरी विसंगति दिसत नाहीं. चुकण्याची भीति गेली कीं समेवर येण्याचा आनंदही जातो, हें कोणताही पखवाजी सांगेल.

एप्रिल २०१७ मध्यें मूळ खेळाची नवी, स्वच्छ चित्रांची आवृत्ति निघाली. तेव्हां तक्रार झाली ती निराळीच. जुन्या कांचेच्या दूरदर्शन-संचांवर बटण आणि आवाज एकाच क्षणीं भेटत. नव्या सपाट संचांत चित्र तयार होऊन पडद्यावर येण्यास किंचित् विलंब लागतो. तो विलंब डोळ्यांस कळत नाहीं, पण कानास व बोटांस कळतो. त्यामुळें लहानपणीं ज्यांनीं हा खेळ लीलेनें जिंकला होता, ते चाळिशीकडे झुकलेले गृहस्थ पहिल्याच कांद्यापाशीं नापास होऊं लागले.