काळ्या यादीतून बाहेर पडताना : मेल सर्व्हरची गेलेली पत कशी परत मिळवावी?

ठेवीची मुदत संपल्याची सूचना, परीक्षेचे प्रवेशपत्र, मालाच्या मागणीची पोच, मुलाखतीचे बोलावणे. एके काळी टपालाने येणारे हे कागद आता ई-मेलने येतात आणि बुलडाणा जिल्हाही त्याला अपवाद नाही. खामगाव, मलकापूर, चिखली किंवा शेगाव येथील एखादी पतसंस्था, महाविद्यालय वा कारखाना स्वतःच्या नावाचा मेल सर्व्हर चालवू लागला की एक अडचण कधी ना कधी समोर येऊ शकते. पाठवलेली पत्रे परत येऊ लागतात. सोबत इंग्रजीतला एक तुटक संदेश असतो. त्याचा सारांश एवढाच, की तुमच्या सर्व्हरचा पत्ता काळ्या यादीत आहे, म्हणून पत्र स्वीकारलेले नाही.

संस्थेने काही गैर केलेले नसते. निदान तिची तशी समजूत असते. पण खातेदाराला सूचना मिळत नाही, विद्यार्थ्याच्या हाती प्रवेशपत्र पडत नाही आणि बोल मात्र संस्थेला लागतो. या यादीतून नाव काढून घेण्याची रीत ठरलेली आहे. ती फारशी अवघडही नाही. मात्र पायऱ्यांचा क्रम चुकला, तर निघालेले नाव पुन्हा यादीत चढते.

यादी आली कोठून?

ई-मेल एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे नेण्याचे नियम, म्हणजेच एसएमटीपी, जॉन पोस्टेल यांनी १९८२ मध्ये लिहून प्रसिद्ध केले. तेव्हा जाळ्यावर मोजकी विद्यापीठे आणि संशोधन संस्था होत्या. पाठवणारा खरोखर तोच आहे का, हे तपासण्याची तरतूद त्या नियमांत नव्हती. त्याआधीच, मे १९७८ मध्ये, अमेरिकेतील एका संगणक कंपनीच्या विक्री प्रतिनिधीने सुमारे ४०० जणांना एकाच वेळी जाहिरात धाडून पुढच्या उपद्रवाची चुणूक दाखवली होती. नको असलेल्या अशा पत्रांना 'स्पॅम' म्हणू लागले.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९९७ मध्ये, पॉल व्हिक्सी यांच्या पुढाकाराने अमेरिकेत उपद्रवी पत्त्यांची पहिली मोठी यादी तयार झाली. १९९८ मध्ये लंडनमध्ये स्टीव्ह लिनफर्ड यांनी 'स्पॅमहॉस' ही संस्था उभी केली. आज जगभरातील मेल सर्व्हर तिच्या याद्यांचा आधार घेतात.

पत्र दारात येताच स्वीकारणारा सर्व्हर पाठवणाऱ्याचा आयपी पत्ता पाहतो आणि त्याविषयी यादीकडे विचारणा करतो. ही विचारणा संकेतस्थळांची नावे शोधणाऱ्या डीएनएस यंत्रणेतूनच होते. पत्त्यातील चार अंक उलट्या क्रमाने लावून त्यापुढे यादीचे नाव जोडले जाते. पत्ता यादीत असेल, तर १२७.०.०.२ यासारखे सांकेतिक उत्तर येते. नसेल, तर असे नावच नाही, असे कळते. हा सारा प्रकार क्षणार्धात उरकतो. यादी स्वतः कोणाचे पत्र अडवत नाही. ती केवळ मत देते आणि दार उघडायचे की लावायचे, हे स्वीकारणारा ठरवतो.

दार कोणी लावले?

म्हणून पहिले काम अर्ज करण्याचे नाही, तर परत आलेले पत्र नीट वाचण्याचे. त्यातील आकड्यांना अर्थ असतो. ४ ने सुरू होणारा आकडा म्हणजे तात्पुरता नकार. असे पत्र रांगेत थांबते आणि सर्व्हर पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. साधारणतः चार-पाच दिवस प्रयत्न करावा, असे नियम सांगतात. ५ ने सुरू होणारा, उदाहरणार्थ ५५० किंवा ५५४, हा कायमचा नकार. त्यापुढे बहुधा कारण आणि यादीचे नाव दिलेले असते.

ते नाव महत्त्वाचे. स्पॅमहॉससारख्या जाहीर याद्या वेगळ्या आणि मायक्रोसॉफ्ट, गूगल, याहू यांच्या स्वतःच्या खासगी याद्या वेगळ्या. एका यादीतून नाव निघाले, म्हणून दुसरीतून आपोआप निघत नाही. कोणत्या यादीत नाव आहे हे न पाहता दिसेल तेथे अर्ज भरणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा प्रकार होतो. कधी कधी तर यादीच कालबाह्य झालेली असते. 'ओआरडीबी' ही यादी २००६ च्या अखेरीस बंद झाली. तरीही अनेक सर्व्हर तिला विचारतच राहिले. तेव्हा मार्च २००८ मध्ये तिने प्रत्येक पत्ता दोषी असल्याचे उत्तर देण्यास सुरुवात केली आणि चांगली पत्रेही अडली. 'सॉर्ब्स' ही जुनी यादी जून २०२४ मध्ये बंद झाली. अशा वेळी दुरुस्ती पाठवणाऱ्याने नव्हे, तर स्वीकारणाऱ्याने करायची असते.

आधी रोग, मग दाखला

नाव यादीत चढण्याची कारणे ठरावीक आहेत. कर्मचाऱ्याच्या खात्याचा पासवर्ड चोरीला जातो आणि रात्रीतून त्या खात्यातून हजारो पत्रे सुटतात. संकेतस्थळावरील 'संपर्क साधा' हा अर्ज असुरक्षित असतो आणि त्याच्या आडून जाहिराती पाठवल्या जातात. सर्व्हर कोणाचेही पत्र कोणालाही पोचवण्यास मोकळा ठेवलेला असतो. कार्यालयातील विषाणूबाधित संगणक आणि मेल सर्व्हर एकाच पत्त्याने बाहेर जातात, त्यामुळे एकाचा दोष दुसऱ्याच्या माथी येतो. विकत घेतलेल्या पत्त्यांवर केलेला प्रचारही भोवतो. अशा पत्त्यांत काही पत्ते मुद्दाम पेरलेले सापळे असतात. ते कोणाचेच नसल्याने त्यांवर आलेले पत्र बिनबुलावता पाठवले, हे आपोआप सिद्ध होते.

सर्व्हरच्या रांगेत किती पत्रे साचली आहेत, ती कोणत्या खात्यातून निघाली आणि त्या खात्यात कोठून प्रवेश झाला, हे नोंदवहीत, म्हणजेच लॉगमध्ये, सापडते. बाधित खाते बंद करावे, पासवर्ड बदलावेत, साचलेली उपद्रवी पत्रे काढून टाकावीत. कार्यालयातील इतर संगणकांना थेट २५ क्रमांकाच्या पोर्टमधून बाहेर पत्र पाठवू देऊ नये. कर्मचाऱ्यांची पत्रे ओळख पटवून ५८७ क्रमांकाच्या पोर्टमधून सर्व्हरकडे यावीत. एका खात्यातून तासाला किती पत्रे जावीत, यालाही मर्यादा घालता येते.

येथे कायद्याचाही संबंध येतो. 'सर्ट-इन' या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार मेल सर्व्हरवरील हल्ल्यासारखी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते आणि यंत्रणेच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. घाईघाईने नोंदी पुसून सर्व्हर नव्याने मांडणे म्हणूनच अंगलट येऊ शकते.

सर्व्हरची ओळखपत्रे

दुसरी पायरी ओळखीची. आयपी पत्त्यावरून सर्व्हरचे नाव आणि नावावरून तोच पत्ता, असा दोन्ही बाजूंनी मेळ बसला पाहिजे. पत्त्यावरून नाव सांगणारी 'पीटीआर' नोंद संस्थेच्या हाती नसते. ज्याने पत्ता दिला, त्या इंटरनेट सेवा पुरवठादाराकडून ती करून घ्यावी लागते. आमच्या नावाने कोणते सर्व्हर पत्र पाठवू शकतात, हे 'एसपीएफ' नोंद सांगते. पत्रावर 'डीकेआयएम' ही सांकेतिक सही असते. ती खोटी निघाली किंवा नसली, तर काय करावे, हे 'डीमार्क' नोंदीतून कळते.

ही ओळखपत्रे आता ऐच्छिक राहिलेली नाहीत. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी नियम कडक केले. जीमेलच्या खात्यांना दिवसाला ५,००० हून अधिक पत्रे पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क ही तिन्ही बंधनकारक झाली. त्याहून कमी पत्रे पाठवणाऱ्यांनाही एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी एक आणि योग्य पीटीआर नोंद लागतेच. मोठ्या प्रमाणावर पत्रे पाठवणाऱ्यांसाठी मायक्रोसॉफ्टने मे २०२५ पासून असेच नियम लागू केले.

अर्ज कसा करावा?

रोग बरा झाला आणि ओळखपत्रे तयार झाली, की मगच अर्ज. स्पॅमहॉसच्या तपासणी पानावर आपला पत्ता टाकला, की तो तिच्या कोणत्या यादीत आहे, हे दिसते. 'एक्सबीएल'मध्ये विषाणूबाधित किंवा ताब्यात गेलेल्या यंत्रांचे पत्ते असतात. तेथून दुरुस्तीनंतर स्वतःच नाव काढून घेता येते. पण दुरुस्तीविना वारंवार काढून घेतल्यास ही सवलत हातची जाऊ शकते. 'एसबीएल'मधील नोंद हाताने तपासून केलेली असते आणि ती काढण्याची विनंती संस्थेने नव्हे, तर तिच्या सेवा पुरवठादाराने करायची असते. 'पीबीएल' हा आरोपच नव्हे. ज्या पत्त्यांवरून थेट मेल जाणे अपेक्षित नाही, अशा घरगुती जोडण्यांची ती यादी आहे. स्थिर पत्त्यावर खरोखर मेल सर्व्हर चालत असेल, तर तसे सांगून तो पत्ता वगळून घेता येतो. हे सारे विनामूल्य आहे. पैसे घेऊन नाव काढून देतो म्हणणाऱ्या मध्यस्थापासून दूरच राहावे.

मायक्रोसॉफ्टची दोन दारे आहेत. कार्यालयीन ग्राहकांच्या सेवेने पत्ता अडवला असेल, तर नकारात ५.७.६०६ ते ५.७.६४९ यांपैकी आकडा येतो. त्यासाठी वेगळे पान असून तेथे आपला ई-मेल व आयपी पत्ता द्यावा लागतो आणि पडताळणीच्या पत्रातील दुव्यावर टिचकी मारावी लागते. त्यानंतर दार उघडण्यास २४ तास किंवा त्याहून अधिक वेळ लागू शकतो. आउटलुक आणि हॉटमेलच्या घरगुती खात्यांसाठीचा अर्ज वेगळा आहे.

गूगलचा भर अर्जापेक्षा वागणुकीवर आहे. 'पोस्टमास्टर टूल्स' या सोयीतून आपल्या नावाविषयी किती वाचकांनी स्पॅमची तक्रार केली, हे पाहता येते. हे प्रमाण ०.३ टक्क्यावर जाऊ नये, ०.१ टक्क्याच्या आत राहिल्यास उत्तम, असे गूगल सांगते. तक्रारी घटल्या, की पत हळूहळू परत येते.

अर्जात रडगाणे नको. काय बिघडले, ते केव्हा थांबवले आणि पुन्हा घडू नये म्हणून काय केले, या तीन गोष्टी थोडक्यात आणि खऱ्या लिहाव्यात. अर्ज वाचणाऱ्याला संस्थेच्या मोठेपणाशी कर्तव्य नसते. उपद्रव थांबला का, एवढेच त्याला पाहायचे असते.

सुक्याबरोबर ओलेही

काही वेळा दोष खरोखरच संस्थेचा नसतो. सेवा पुरवठादाराच्या पत्त्यांचा एखादा पट्टाच्या पट्टा यादीत जातो आणि सुक्याबरोबर ओलेही जळते. मायक्रोसॉफ्टच्या घरगुती सेवेचा नकार तर स्पष्ट सांगतो, की पुरवठादाराच्या जाळ्याचा भाग यादीत असल्याने त्याच्याशीच संपर्क साधावा. लहान शहरातील ग्राहकाची खरी कसोटी येथे लागते, कारण तक्रार योग्य अभियंत्यापर्यंत पोचवणेच कठीण असते. परत आलेल्या पत्राची प्रत, वेळ आणि आयपी पत्ता जोडून लेखी मागणी करावी आणि तिचा क्रमांक जपून ठेवावा. तोवर बाहेर जाणारी पत्रे एखाद्या मान्यताप्राप्त रिले सेवेतून पाठवता येतात. केवळ नवा पत्ता घेऊन पळ काढण्यात अर्थ नाही. रोग तसाच असेल, तर नवा पत्ताही काळवंडतो आणि अनोळखी पत्त्यावरून अचानक सुटलेला पत्रांचा लोंढा संशयच वाढवतो.

न्यायालयात दाद मागण्याचा मार्ग लांबचा ठरतो. 'ई३६०' या अमेरिकी कंपनीने स्पॅमहॉसविरुद्ध खटला भरला. २००६ मध्ये, स्पॅमहॉसने बाजू न मांडल्याने, तिला सुमारे १ कोटी १७ लाख डॉलरची भरपाई मंजूर झाली. अपिलाअंती २०११ मध्ये ती अवघ्या ३ डॉलरवर आली. भारतात स्पॅम ई-मेलसाठी स्वतंत्र कायदा नाही; त्रासदायक संदेशांचा उल्लेख असलेले माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ६६ अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले. पत्र घ्यायचे की नाही, हा निर्णय त्यामुळे व्यवहारात स्वीकारणाऱ्याचाच राहतो.

नाव निघाल्यावरही काम संपत नाही. 'पोस्टमास्टर' आणि 'अब्यूज' या नावांची खाती उघडून त्यांवर येणाऱ्या तक्रारी रोज वाचाव्यात. बंद पडलेले पत्ते यादीतून वगळावेत. ज्याला पत्र नको, त्याचे नाव लगेच काढावे. पतसंस्थांशी रोजचा व्यवहार असलेल्या जिल्ह्याला हे नव्याने सांगायला नको, की पत अर्जाने मिळत नाही. अर्जाने बंद दार एकदा उघडते; ते उघडे राहते ते रोजच्या चोख व्यवहारामुळे.