बँकेच्या पदरात पडलेले घर

कर्ज थकले, घर लिलावात निघाले, म्हणजे चार माणसे हळहळतात. परंतु लिलावात कोणी बोलीच लावली नाही आणि ते घर बँकेच्याच पदरात पडले, तर पुढे त्याचे काय होते, याचा विचार आपण क्वचितच करतो. अमेरिकेतील क्लीव्हलंड शहराला तो करावा लागला.

या शहरात ‘स्लाविक व्हिलेज’ नावाची वस्ती आहे. पोलादाच्या कारखान्यांत राबावयास आलेल्या पोलिश व चेक कुटुंबांनी ती एकोणिसाव्या शतकात वसविली. लहान लाकडी घरे एकमेकांना खेटून उभी आणि त्यांच्यामध्ये कामगारांच्या वर्गणीतून उभे राहिलेले संत स्टॅनिस्लॉस यांचे चर्च. सन २००७ च्या मध्यास जप्तीचे सर्वाधिक दावे देशातील ज्या टपाल विभागात दाखल झाले, तो हाच.

घेतलेले कर्ज मूळ सावकाराकडे राहतच नव्हते. हजारो कर्जांची मोट बांधून ती गुंतवणूकदारांना विकली जाई आणि दूरची एखादी बँक विश्वस्त म्हणून दावा लावी. ऑक्टोबर २००७ मध्ये क्लीव्हलंडचे न्यायमूर्ती क्रिस्टोफर बॉयको यांनी असे १४ दावे काढून टाकले. दावा लावतेवेळी कर्ज आपल्याच मालकीचे होते, हे बँकेला दाखविता आले नव्हते!

दावा जिंकला की शेरीफचा लिलाव होई. गिऱ्हाईक नसले की बँक स्वतःच बोली लावून घर घेई. मग दलाल नेमावयाचा, कुलूप बदलावयाचे, खिडक्यांवर फळ्या ठोकावयाच्या. पण रिकाम्या घराला हिवाळा सोसत नाही. नळांतील पाणी गोठून नळ फुटतात; उरलेले तांब्याचे नळ चोर उपसून नेतात. दुरुस्तीचा खर्च घराच्या किमतीपेक्षा वाढला, की बँका अशी घरे घाऊक भावाने, काही हजार डॉलरना एक याप्रमाणे, सट्टेबाजांच्या गळ्यात मारीत. काही ठिकाणी तर त्यांनी दावा लावून कुटुंबाला घाबरवून सोडले आणि मालकी मात्र स्वीकारलीच नाही, कारण मालकीबरोबर कर आणि दंडही येतो. घर सोडून गेलेल्या माणसाच्या नावावर मग वाढलेल्या गवताबद्दल नगरपालिकेची नोटीस निघे. आम्हांला या साऱ्या व्यवहारातील ही गोष्ट सर्वांत निर्दय वाटते.

हे असेच व्हावयास हवे होते काय? १९३३ साली, महामंदीच्या ऐन भरात, याच देशाने ‘होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन’ नावाचे सरकारी महामंडळ काढले. त्याने तीन वर्षांत सुमारे १० लाख कुटुंबांची थकलेली कर्जे आपल्याकडे घेऊन त्यांना १५ वर्षांची मुदत दिली. तरीही जवळजवळ २ लाख घरे अखेर महामंडळाच्याच गळ्यात आली. त्याने ती बाजारात एकदम ओतली नाहीत. डागडुजी केली, रंग दिला, भाडेकरू ठेवले आणि भाव सावरतील तसतशी ती विकली. १९५१ मध्ये कारभार आटोपला तेव्हा हिशेबात थोडासा नफाच होता. (वस्त्यांची प्रतवारी लावणाऱ्या त्याच्या नकाशांत कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगाने रंगविल्या गेल्या, हा डागही त्याच्या नावावर आहे.) महामंडळाचे अधिकारी काही संत नव्हते, मात्र घर आपल्याच वहीत होते आणि त्याचे नुकसान आपलेच, हे ते जाणून होते.

क्लीव्हलंडच्या परिसरासाठी अशी वही २००९ मध्ये उघडली गेली. कायाहोगा काउंटीने ‘लँड बँक’ स्थापन केली, म्हणजे बेवारस घरे ताब्यात घेणारी सार्वजनिक संस्था. त्याच वर्षाच्या अखेरीस ‘फॅनी मे’ या गृहकर्जांच्या प्रचंड संस्थेने आपल्या ताब्यातील अगदी कमी किमतीची घरे प्रत्येकी १ डॉलरला तिला देण्याचे आणि पाडकामाच्या खर्चाचा वाटा उचलण्याचे मान्य केले. जी दुरुस्त होण्याजोगी होती, ती दुरुस्त होऊन नव्या कुटुंबांना मिळाली. उरलेली हजारो घरे पाडावी लागली.