कॅडमियमचा पर्यावरणीय इतिहास : जिंझू खोऱ्याचा धडा

प्रस्तावना :
अपारंपरिक ऊर्जासाधनांच्या चर्चेत धातूंचा विचार बहुधा उपलब्धता व किंमत यांपुरताच होतो. निसर्गात मिसळल्यावर धातू कसा वागतो, हा प्रश्न मागे पडतो. कॅडमियमच्या बाबतीत जपानच्या इतिहासाने त्याचे उत्तर दिले आहे. प्रस्तुत लेखात त्याचा आढावा घेतला आहे.

ऊर्जासाधनांतील कॅडमियम :
जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रीडरिश स्ट्रोमायर यांना १८१७ मध्ये जस्ताच्या कार्बोनेटमध्ये हा धातू आढळला. आजही तो प्रामुख्याने जस्ताचे उपउत्पादन म्हणूनच मिळतो. १८९९ मध्ये स्वीडनच्या वाल्डेमार युंगनर यांनी निकेल-कॅडमियम विद्युतघट तयार केला. पुढे कॅडमियम टेल्युराइडच्या सौरघटांत त्याला स्थान मिळाले.

जिंझू खोऱ्यातील घटना :
गिफू प्रांतातील कामिओका खाणीचे सांडपाणी ताकाहारा नदीतून जिंझू नदीत जाई व तेच पाणी तोयामा प्रांतातील भातखाचरांना मिळे. खाचरात पाणी असेपर्यंत कॅडमियम सल्फाइडच्या अविद्राव्य रूपात राही. कापणीपूर्वी पाणी काढले की मातीत हवा शिरे, सल्फाइडचे ऑक्सिडीकरण होई आणि विद्राव्य झालेला धातू मुळांवाटे दाण्यात पोहोचे. वर्षानुवर्षे हा भात खाणाऱ्यांची मूत्रपिंडे निकामी होऊन हाडे ठिसूळ झाली. रुग्णांत उतारवयातील स्त्रियाच अधिक होत्या. त्यांच्या विव्हळण्यावरून या रोगास ‘इताई-इताई’ म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’ हे नाव पडले. स्थानिक डॉक्टर नोबोरू हागिनो यांनी त्याचा संबंध खाणीशी जोडला. १९६८ मध्ये जपान सरकारने हे कारण मान्य केले. १९७१ मध्ये जिल्हा न्यायालयाने व १९७२ मध्ये उच्च न्यायालयाने पीडितांच्या बाजूने निकाल दिला. मात्र दूषित शेतजमिनीच्या पुनर्स्थापनेचे काम पूर्ण होण्यास २०१२ साल उजाडले.

समारोप :
कॅडमियम टेल्युराइड पाण्यात फारसे विरघळत नाही व काचेत बंदिस्त असते. त्यामुळे वापरातील पॅनेलचा धोका अल्प आहे. परंतु सल्फाइडही अविद्राव्यच होते. परिस्थिती बदलताच ते विरघळले. म्हणून खरी कसोटी वापराच्या काळात नसून खाणीपाशी आणि फुटक्या पॅनेलच्या ढिगाऱ्यापाशी आहे. भारताच्या २०२२ च्या ई-कचरा नियमांत सौर पॅनेलचा समावेश झाला, हे योग्यच आहे. त्यांची अंमलबजावणी माती दूषित होण्यापूर्वी व्हावी, एवढीच या इतिहासाची शिकवण आहे.