बर्फ विसरत नाही...

मी सह्याद्रीत हिंडणारा माणूस. बर्फाशी माझा संबंध गोळेवाल्यापुरताच! तरी सध्या स्वित्झर्लंडमधल्या हिमस्खलनांचा इतिहास वाचतोय, आणि त्यातली एक गोष्ट काही केल्या डोक्यातून जात नाहीये.

1936 साली दावोसच्या वर, वाइसफ्लुयोख इथे काही संशोधक बर्फाच्या झोपडीत काम करू लागले. बर्फात खड्डा खणायचा आणि त्याच्या भिंतीतले थर वाचायचे. पडलेला बर्फ स्वस्थ बसत नाही. जमिनीलगत तापमान शून्याच्या आसपास, वर मात्र कडाक्याची थंडी. मग खालची वाफ वर सरकते आणि बर्फाचे साखरेसारखे सुटे दाणे होतात. त्यांवर नव्या बर्फाची घट्ट लादी बसली की सापळा तयार. 30 अंशांहून तीव्र उतारावर एका स्कीअरचं वजनही मग पुरतं. म्हणजे डिसेंबरातली थंडी फेब्रुवारीत जीव घेऊ शकते!

1945 पासून तिथे लोकांसाठी हिमस्खलनाचे इशारे निघू लागले. तरी 1950-51 च्या हिवाळ्यात त्या देशात 98 माणसं गेली. त्यानंतर उतारांवर पोलादी कुंपणं आली, धोक्याचे नकाशे झाले. 1999 च्या फेब्रुवारीत पुन्हा प्रचंड बर्फ पडला, तेव्हा बळी होते 17. गावं बऱ्याच अंशी सावरली.

मग आता मरतं कोण? बहुतेक आखलेल्या वाटा सोडून हौसेने जाणारे. आणि बहुतेक वेळा ती लादी त्यांनी स्वतः किंवा सोबत्यानेच मोडलेली असते.

1993 पासून युरोपात धोक्याच्या पाच पायऱ्या आहेत. सर्वाधिक बळी पाचवर जात नाहीत, तिसरीवर जातात. पाच म्हटलं की सगळे घरी बसतात. तीनला आभाळ निळं असतं, उतारावर आधीच कुणाच्या तरी खुणा असतात, आणि "तीन म्हणजे मध्यम" असं वाटतं. पण या पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत हो. दर पायरीला धोका झपाट्याने वाढतो.

गाडल्या गेलेल्याला पहिल्या 10-15 मिनिटांत काढलं तरच खरी आशा. तेवढ्यात हेलिकॉप्टर क्वचितच पोचतं; हाताशी असतात ते सोबतीच, त्यांचे ट्रान्सीव्हर आणि फावडी. म्हणून निळ्या आभाळाखाली, सगळं सामान पाठीवर असतानाही "आज नको" म्हणणारा सोबती मला सगळ्यात मोलाचा वाटतो.