पाटे ते कॉइलओव्हर

आमची पालिओ १.६ आता विशीपार. पुढचे शॉकअप गेले तसा भाचा म्हणाला, "मामा, कॉइलओव्हरच टाकूया!" म्हणजे शॉकअपवरच स्प्रिंग आणि अंगावर आटे, कडं फिरवलं की गाडी खाली-वर. (शॉकअपभोवती स्प्रिंग असलेला मॅकफर्सन स्ट्रट तर १९४० च्या दशकातला. नवे आहेत ते आटे!) पालिओच्या आधी कुर्ल्यात बनायची ती पद्मिनी. मूळची फियाटच, पण मागं पाटे. ओझं झेलायची, वळणावर डुलायची. २००१ मध्ये पालिओ आली आणि गगनबावड्याच्या घाटात रस्ता धरून पळाली. गाडी खाली बसवली की चाकाला वर-खाली व्हायला जागा कमी. शिवाय उद्यमनगरात शिरतानाच गतिरोधक पोट खरवडणार. बरं, उंची तीच ठेवायची तर आट्यांचे पैसे कशाला? मूळ मापाच्या स्प्रिंगा आणि जरा कडक शॉकअप घेतले. भाचा अजून रुसलाय.