मिठाचें पाणी : पटकीवरील एका साध्या औषधाचा इतिहास

औषध म्हटलें म्हणजे एखादी दुर्मिळ वनस्पति, एखादें तीव्र रसायन, निदान कडू काढ्याचा पेला तरी आपल्या डोळ्यांपुढें उभा राहतो. आज ज्या औषधाचा इतिहास मी सांगणार आहें तें मीठ, साखर आणि पाणी यांचें झालेलें असून, त्यांतील एकहि वस्तु अशी नाहीं कीं जी गरिबांतल्या गरिबाच्या स्वयंपाकघरांत मिळूं नये. असें असतां, रोग्याच्या शरीरांतून काय नाहींसें होतें हें कळल्यापासून तें त्याच्या ओठांपर्यंत परत पोहोंचविण्यास सुमारें १४० वर्षें लागलीं, आणि तेवढ्या अवधींत लक्षावधि माणसें मृत्युमुखीं पडलीं. हा विलंब कां झाला, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

रोग म्हणजे पटकी, ज्याला इंग्रजींत कॉलरा म्हणतात. आमच्या खेड्यापाड्यांतून मरीआईचीं जीं लहान देवळें दिसतात तीं या रोगाच्या भयाचीं स्मारकें होत. गोव्यांतील पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यानें १५६३ सालीं छापलेल्या आपल्या ग्रंथांत या दुखण्याचें वर्णन केलें आहे. आपला ‘मोडशी’ हा शब्द पोर्तुगिजांच्या तोंडीं बसला, आणि फ्रेंचांनीं त्याचा अपभ्रंश करून त्यांतून ‘कुत्र्याचें मरण’ असा अर्थ काढला ! शब्दांचे असे प्रवास मोठे मौजेचे असतात. पण १८१७ सालीं बंगालच्या जेसोर भागांतून या रोगानें जो प्रवास आरंभिला त्यांत मौज कांहींच नव्हती. पुढील लाटेबरोबर १८३१ सालीं तो इंग्लंडच्या सन्दरलँड बंदरांत उतरला.

तांदुळाच्या धुवणासारखे जुलाब आणि वांत्या सुरू होतात. धट्टाकट्टा माणूसहि कांहीं तासांत ओळखूं येईनासा होतो : डोळे खोल जातात, बोटांची कातडी सुरकुतते, आवाज बसतो, मनगटावरची नाडी लागत नाहीं. तीव्र रोग्याच्या अंगांतून तासाला एक लिटरपर्यंत पाणी जाऊं शकतें. रोगी ‘पाणी, पाणी’ म्हणून टाहो फोडतो. आणि शतकानुशतकें, पूर्वेकडे काय आणि पश्चिमेकडे काय, नेमकें तेंच त्याला नाकारलें गेलें. पाणी दिलें कीं वांती वाढते, ही समजूत. माझी आजीहि तान्ह्या मुलाला जुलाब होऊं लागले कीं पाण्याचा तांब्या उचलून ठेवी, आणि ती कांहीं मायेला कमी नव्हती. युरोपांतले डॉक्टर तर याहून पुढें गेले होते. आधींच आटलेल्या रोग्याची शीर कापून ते त्याचें रक्त काढीत आणि वर पाऱ्याचें भस्म व अफू देत.

सन्दरलँडला रोगी पाहण्यास १८३१ च्या डिसेंबरांत विल्यम ब्रुक ओशॉनेसी नांवाचा बावीस वर्षांचा आयरिश डॉक्टर गेला. त्यानें रोग्यांचें रक्त तपासलें आणि सांगितलें कीं, रक्तांतील पाणी व क्षार फार कमी झाले आहेत आणि तेच जुलाबांत सांपडतात. तेव्हां गेलेलें परत भरून द्यावें. हाच पुढे कलकत्त्यास येऊन वैद्यक विद्यालयांत रसायनशास्त्राचा अध्यापक झाला व १८५० नंतरच्या दशकांत हिंदुस्थानांतील तारायंत्राच्या मार्गांचा प्रवर्तक ठरला. आग्र्याहून मुंबईस आलेली तार याच्याच देखरेखीखालीं पडली. ती लोकांच्या ध्यानांत राहिली, रक्ताची परीक्षा मात्र विसरली गेली.

ओशॉनेसीचें म्हणणें प्रत्यक्ष करून पाहिलें तें स्कॉटलंडांतील लीथ येथील टॉमस लाटा या डॉक्टरानें, १८३२ च्या मे महिन्यांत. पहिली रोगी एक वृद्ध स्त्री होती. सर्व उपाय थकले होते. लाटानें तिच्या हाताच्या शिरेंत नळी घालून मीठ व सोडा मिसळलेलें पाणी थोडें थोडें सोडण्यास आरंभ केला. प्रथम कांहींच फरक दिसेना. मग श्वास मोकळा झाला, खोल गेलेले डोळे वर आले, नाडी परतली, म्हातारी बोलूं लागली. अर्ध्या तासांत सहा पाइंट, म्हणजे सुमारें साडेतीन लिटर, पाणी तिच्या अंगांत गेलें होतें. रोगी सुरक्षित आहे असें समजून लाटा तिला रुग्णालयाच्या डॉक्टराच्या स्वाधीन करून विश्रांतीस गेला. जुलाब पुन्हां सुरू झाले, पण पाणी पुन्हां दिलें गेलें नाहीं. साडेपांच तासांत ती मेली. झरा फुटलेल्या हौदांत एकदां पाणी ओतून भागत नाहीं, तो फुटका असेपर्यंत ओततच राहावें लागतें, हें लाटाला उमगलें. इतरांना उमगलें नाहीं. ते मरणासन्न रोग्यांवरच प्रयोग करीत, एकदांच करीत, आणि जंतूंची कल्पनाच नसल्यामुळें पाणीहि अशुद्ध वापरीत. साथ ओसरली, १८३३ सालीं लाटा वारला, आणि डॉक्टर मंडळी पुन्हां रक्त काढूं लागली. माझ्या मतें या साऱ्या इतिहासांतील सर्वांत दुःखद भाग हाच होय.

त्यानंतर थेट १९०८ च्या सुमारास कलकत्त्यास लिओनार्ड रॉजर्स यांनीं मिठाचें दाट पाणी शिरेंतून देण्याची पद्धति बसविली, आणि पटकीच्या रोग्यांतील मृत्यूंचें प्रमाण शेंकडा ६० वरून ३० च्या आसपास उतरविलें. आपण ज्याला ‘सलाईन लावणें’ म्हणतों तें हेंच. पण त्यास निर्जंतुक बाटल्या, सुया व जाणता हात हवा. आणि पटकी तर जेथें यांपैकीं कांहींच नसतें तेथेंच येते.

मग तेंच पाणी तोंडानें कां देऊं नये ? दिलें तर जुलाबांबरोबर निघून जातें, असा अनुभव होता. रोगानें आंतड्याचें अस्तरच सोलून निघतें असाहि समज होता. तो समज १९६० च्या सुमारास जिवंत रोग्यांची आंतडीं तपासल्यावर खोटा ठरला. त्याआधीं १९५९ सालीं कलकत्त्याच्या शंभूनाथ डे यांनीं दाखविलें होतें कीं, पटकीचे जंतु एक विष सोडतात आणि त्या विषामुळें आंतडें पाणी ओततें. १९६० सालींच रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञानें प्राग येथें मांडलें कीं, आंतड्याच्या भिंतींत साखर व मिठांतला सोडियम एकमेकांचा हात धरून आंत शिरतात. एकट्या मिठाला जो दरवाजा उघडत नाहीं तो साखरेच्या सोबतीनें उघडतो, आणि त्यांच्यामागून पाणी येतें. पटकींत हा दरवाजा शाबूत असतो.

हें शास्त्र मांडलें जाण्यापूर्वींच, १९५३ सालीं, कलकत्त्याचे डॉ. हेमेंद्रनाथ चॅटर्जी यांनीं एक लिटर पाण्यांत ४ ग्रॅम मीठ व २५ ग्रॅम ग्लुकोज घालून १८६ रोग्यांस पाजलें होतें, आणि त्यांतला एकहि दगावला नाहीं. वांती थांबविण्यासाठीं औषधाबरोबर ते पानओव्याच्या पानांचा रसहि देत. लेख लंडनच्या प्रसिद्ध ‘लॅन्सेट’ साप्ताहिकांत छापला गेला. तरी मोजमाप पुरेसें नाहीं म्हणून कोणीं फारसें लक्ष दिलें नाहीं. मोजमापाचा आग्रह सर्वस्वीं चुकीचा होता असें मात्र मी म्हणणार नाहीं. अमेरिकी आरमाराचे कॅप्टन फिलिप्स यांनीं १९६२ च्या सुमारास मनिला येथें असेंच पाणी दिलें. पहिलें यश पाहून पुढील प्रयोगांत तें फार दाट केलें गेलें आणि कांहीं रोगी मेले. पाणी प्रमाणाबाहेर दाट झालें कीं तें उलट शरीरांतलेंच पाणी आंतड्यांत ओढून घेतें. शेवटीं १९६८ सालीं ढाक्याच्या प्रयोगशाळेंतील डेव्हिड नॅलिन व रिचर्ड कॅश या दोन तरुणांनीं जेवढें जाईल तेवढें मोजून पाजलें, आणि शिरेंतून देण्याच्या पाण्याची गरज शेंकडा ८० नीं कमी होते हें सिद्ध केलें.

तथापि प्रयोगशाळेंतील दोन-चार डझन रोगी निराळे, आणि चिखलांत पडलेले हजारों निराळे. १९७१ सालीं पूर्व बंगालांतून निर्वासितांचे लोंढे हिंदुस्थानांत आले व सरहद्दीवरील बनगांव येथें पटकी भडकली. तेथील रुग्णालयांत खाटा १६. जूनच्या अखेरीस डॉ. दिलीप महालनबिस तेथें पोहोंचले तेव्हां रोगी जमिनीवर ओकारीं-जुलाबांत पडलेले, आणि त्यांतच गुडघे टेकून सलाईन लावावें लागे. सलाईनच्या बाटल्या संपत आल्या. मग त्यांनीं जो निर्णय घेतला त्यास त्या काळच्या वैद्यकाची मान्यता नव्हती. कलकत्त्यास आपल्या केंद्रांतील ग्रंथालयाच्या खोलींत २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम साधें मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा या प्रमाणानें पुड्या बांधविल्या. त्या तोटीच्या पिंपांत पाण्यांत कालविल्या. आणि रोग्याच्या आईनें, भावानें, मुलानें पेला भरून न्यावा व पाजीत राहावें, अशी योजना केली. लोकांचा विश्वास बसावा म्हणून त्यास ‘पिण्याचें सलाईन’ असें नांव दिलें. खर्च आला लिटरला ११ पैसे. अन्य छावण्यांतून शेंकडा ३० पर्यंत माणसें मरत होतीं, तेथें महालनबिसांच्या देखरेखीखालील ३,००० हून अधिक रोग्यांत मृत्यूंचें प्रमाण शेंकडा ३.६ इतकें उतरलें. परिचारिका नव्हत्या, आणि नात्यागोत्याच्या माणसांनीं तें काम केलें, हें मला त्या आंकड्याहूनहि मोठें वाटतें. १९७३ सालीं ही हकीकत प्रसिद्ध झाली, १९७८ पासून जागतिक आरोग्य संघटनेनें तिचा प्रसार हातीं घेतला. महालनबिस २०२२ सालीं वारले; पद्मविभूषण त्यांना मरणोत्तर, २०२३ सालीं, मिळालें.

पुढची गोष्ट माझ्या धंद्यांतली, म्हणून जरा रेंगाळतों. बांगला देशांत पुडी गांवोगांव पोहोंचविणें अशक्य, तेव्हां ब्रॅक या संस्थेनें १९८० पासून दहा वर्षें बायका घरोघर पाठविल्या. अर्धा शेर पाणी, तीन बोटांची चिमूट मीठ आणि मूठभर गूळ, एवढाच धडा. पण तो नुसता सांगावयाचा नाहीं, आईनें शिकवणारीसमोर स्वतः करून दाखवावयाचा. कांहीं दिवसांनीं परीक्षक येत, आयांना प्रश्न विचारीत, आणि आईला जेवढें आठवे त्या मानानें शिकवणारीला वेतन मिळे ! आमच्या खात्यानें हा नियम लावला असता तर कित्येक मास्तर उपाशी राहिले असते. शिकवूनहि प्रथम वापर कमीच दिसला, कारण घरांतल्या पुरुषांस कोणीं विचारलेंच नव्हतें. मग बाजारांत, मशिदींत त्यांच्याहि सभा भरविल्या. सुमारें सव्वा कोटी घरीं हा धडा गेला.

२००२ सालीं जागतिक संघटनेनें मिश्रण अधिक पातळ केलें : लिटरला साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, शिवाय पोटॅशियमचा क्षार दीड ग्रॅम व सायट्रेट २.९ ग्रॅम. आमच्याकडे या पुडीला ‘जलसंजीवनी’ म्हणतात व ती गांवच्या आशाताईकडे मिळते. मुलाला तिच्याबरोबर जस्ताच्या गोळ्याहि १० ते १४ दिवस देतात. एक पुडी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यांत पूर्ण विरघळवावी, अर्धी अर्धी करूं नये, आणि चोवीस तासांनीं उरलेलें ओतून द्यावें. पुडी नसेल तर लिटरभर पाण्यांत सपाट सहा चहाचे चमचे साखर व सपाट अर्धा चमचा मीठ. तान्ह्याला चमच्याचमच्यानें पाजावें; वांती झाली तर दहा मिनिटें थांबून पुन्हां सुरू करावें, आणि आईचें दूध बंद करूं नये. मूल पिईनासें झालें, मलूल पडलें, किंवा जुलाबांत रक्त दिसलें, तर मात्र पाजीत पाजीतच दवाखाना गांठावा.